जेबेझ ब्लूरची मान

जेबेझ ब्लूरला देवाने मानच दिली नव्हती, असं इंग्लंडातल्या लाँगटन गावातले लोक म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. देवाने दिली होती, टनिक्लिफच्या चिनी मातीच्या कारखान्याने ती दाबून दाबून खांद्यांत घातली. पासष्टाव्या वर्षी त्याचं डोकं धडावर बरणीच्या झाकणासारखं गच्च बसलं होतं. डावीउजवीकडे थोडंफार वळायचं, खाली जायचं, वर मात्र अजिबात नाही. छपराच्या पन्हळीत मैनेने घरटं केलंय असं शेजारणीने सांगितलं, तर जेबेझ कुंपणाला दोन्ही हातांनी धरून अख्खं अंग मागे झुकवायचा, आणि तरी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंतच पोचायचा. लढाईच्या दिवसांत विमानाचा आवाज आला की सगळी गल्ली आभाळाकडे बघायची आणि जेबेझ गल्लीकडे. विमान आपलं की त्यांचं, हे त्याला लोकांच्या तोंडांवरून कळायचं. चुकलं असं कधी झालं नाही.

त्याचं काम होतं भट्टी लावायचं. चिनी मातीची कच्ची भांडी उघडी आगीत ठेवली तर धुराने मरतात, म्हणून ती भाजक्या मातीच्या जाड, खोलगट डब्यांत भरायची. त्या डब्याला सॅगर म्हणायचे. भरलेला सॅगर अर्ध्या मणाहून जड. तो डोक्यावर घ्यायचा, भट्टीच्या बुटक्या दारातून गुडघे वाकवून आत शिरायचं, आणि एकावर एक रचत जायचं, जमिनीपासून पार वरपर्यंत. एका भट्टीला दोन हजार सॅगर लागायचे. मग दार विटांनी बंद करून आग द्यायची, आणि आग विझली की विटा पुरत्या निवायच्या आत, डोक्याला ओली फडकी गुंडाळून, तेच दोन हजार सॅगर पुन्हा बाहेर काढायचे. हे जेबेझने चौतीस वर्षं केलं. डोक्यावर चुंबळ असायची ती मर्टलच्या जुन्या लांब मोज्यांची. मर्टल ही त्याची बायको. तिचे मोजे फाटायची जेबेझ वाटच बघत असायचा, असं ती चारचौघांत सांगायची, आणि तो लाल व्हायचा.

भट्टी लावणाऱ्यांचा एक नियम होता. सॅम्सन मिअर नावाचा त्यांचा म्होरक्या होता, बोलायचा कमी आणि हात चालवायचा जास्त. त्याने पहिल्याच दिवशी जेबेझचा कान धरून सांगितलं होतं, "वर बघायचं नाही. वर बघितलंस की ओझं गेलं, शिडीखालचा माणूस गेला आणि तुझी नोकरीही गेली. पायाखाली बघ, समोर बघ. वर काय आहे ते बघायला देव आहे."

जेबेझने तो नियम असा पाळला की शेवटी मानेनेच तो पाठ केला. शिडी चढताना नजर पायरीवर, रचताना नजर सॅगरच्या काठावर. आत उजेड म्हणजे एक टांगलेला दिवा, तोही खाली. भट्टीचं छत हे जेबेझच्या लेखी छत नव्हतंच. डोक्यावर काळोख होता आणि त्या काळोखापर्यंत सॅगर न्यायचे होते, एवढंच.

मर्टल त्याच कारखान्यात वरच्या मजल्यावर बसायची. कपाच्या काठावर सोन्याची रेघ मारायचं काम तिचं. फिरत्या चाकावर कप ठेवायचा, कुंचला टेकवायचा, श्वास रोखायचा. कप एक फेरा मारतो आणि रेघेचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला भेटतं. हात केसभर हलला तर कप बाद. मर्टलचा हात हलत नसे. तिचं घरातलं सगळं वागणंही तसंच होतं. मनात एकदा रेघ मारली की मारली.

त्या दोघांचं घर भट्टीच्या अगदी समोर, गल्लीच्या पलीकडे. वर दोन खोल्या, खाली दोन, संडास अंगणाच्या टोकाला, आंघोळीचा पत्र्याचा टब मागच्या भिंतीला खिळ्यावर. घराच्या दारात उभं राहिलं की समोर ती भट्टी, चार मजली उंच, पोट फुगलेली, वर निमुळती होत गेलेली बाटलीच जणू. जेबेझच्या लहानपणी त्या एका दारातून अशा चाळीस बाटल्या दिसायच्या म्हणे. सगळ्या पेटल्या की गल्लीच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नसे, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे. धूर दिसतोय म्हणजे चूल पेटतेय. कुरकुर करायची ती मर्टल, आणि ती सोमवारी. सोमवार धुण्याचा, आणि टनिक्लिफची भट्टी नेमकी सोमवारी पेटायची. दोरीवरची चादर पांढरी म्हणून बाहेर जायची आणि करडी होऊन घरात यायची. "माझं आयुष्य त्या बाईच्या धुरात गेलं," असं ती म्हणायची. भट्टीला ती 'ती बाई' म्हणायची, आणि ज्या सुरात म्हणायची त्या सुरात बायका सवतीबद्दल बोलतात.

एकोणीसशे साठ साली टनिक्लिफने गॅसची भट्टी आणली आणि ती बाई थंड झाली. जेबेझला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. उरलेली वर्षं त्याने भांड्यांच्या गाड्या ढकलल्या, आणि आसपासच्या बाटल्या एकेक करून पाडल्या गेल्या तेव्हा तो इतरांबरोबर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. एकदा तर त्याने टाळ्याही वाजवल्या. बहात्तर साल उजाडलं तेव्हा त्याच्या दारातून दिसणारी एकच बाटली उरली होती, समोरची.

आणि त्याच वर्षी लंडनला कुणाला तरी जाग आली. जुन्या इमारतींची यादी करणारं एक सरकारी खातं आहे. त्या यादीत नाव चढलं की मालकालासुद्धा वीट हलवता येत नाही. आजवर ती यादी सरदारांचे वाडे आणि चर्चचे मनोरे यांच्यासाठी आहे अशीच लाँगटनची समजूत होती. आता त्या यादीत भट्ट्या घालणार, अशी बातमी आली. ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, विकणाऱ्या खिडकीसमोरच्या रांगेत लोक पोट धरून हसले. पुढे काय, कोळशाच्या ढिगाला तिकीट लावणार?

कारखान्याचे मालक धाकटे टनिक्लिफ मात्र हसले नाहीत. त्यांना ती जागा मोकळी हवी होती. तिथे ते बैठी घरं बांधणार होते, म्हाताऱ्या माणसांसाठी, जिना नसलेली, आत संडास, आत न्हाणीघर, नळाला गरम पाणी. ते स्वतः जेबेझकडे आले, खुर्चीवर न बसता चुलीपाशी उभे राहिले, आणि पहिलं घर ब्लूर पतिपत्नींचं, असं मर्टलच्या देखत म्हणाले. मर्टलच्या गुडघ्यांची तेव्हा दशा झाली होती. ती जिना बसून उतरायची, एकेक पायरी, आणि थंडीत संडासला जायचं म्हणजे तिला आधी मनाची तयारी करावी लागायची.  टनिक्लिफ गेल्यावर तिने त्यांनी सांगितलेल्या खिडकीचं माप विचारायला जेबेझला पाठवलं, पडद्यासाठी. मर्टलने पडद्याचं माप घेतलं म्हणजे ती त्या घरात राहायला गेलीच होती.

टनिक्लिफना बदल्यात एवढंच हवं होतं, एक सही. भट्टी धोक्याची आहे असं सिद्ध झालं तर ती यादीत जाणार नव्हती. कागद तयार होता. भट्टीचा घुमट आरपार तडकलेला आहे, तिथून विटा खाली आलेल्या आहेत, आणि हे मी चौतीस वर्षं आत काम करताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, असं त्यावर लिहिलं होतं. जेबेझने तो दोनदा वाचला. घुमट तडकला असेलही, त्याला वाटलं. ऐंशी वर्षं तापून निवून कुठली वस्तू धड राहते? आपली मान राहिली नाही. त्याने सही केली. तेव्हा त्याला हे खोटंसुद्धा वाटलं नव्हतं.

जूनमधल्या एका मंगळवारी लंडनहून मिस प्रिडो आल्या. चाळिशीच्या, पायात रबरी बूट, खांद्यावर पिशवी, हातात मोठा टॉर्च. कुणी तरी रुबाबदार म्हातारा येईल अशी अपेक्षा होती, त्यामुळे गल्लीची जरा निराशा झाली. टनिक्लिफनी त्यांना भट्टी दाखवायला जेबेझलाच पाठवलं. साक्षीदार आणि वाटाड्या एकच, म्हणजे बोलण्यात फरक पडायला नको.

भट्टीच्या दाराशी जेबेझ सवयीने वाकला आणि आत शिरला. बारा वर्षांत तो आत आला नव्हता. आतली फुटकी भांडी आदल्या दिवशी काढून टाकली होती, आणि त्याला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की ती आतून किती मोठी आहे. त्याने ती रिकामी अशी पाहिलीच नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर नेहमी सॅगरचे खांब असायचे आणि त्यांच्या मधली खांदे घासत जायची वाट. आता गोल भिंत होती आणि मोकळी फरशी, आणि मिस प्रिडोंच्या बुटांचा आवाज भिंतीवरून फिरून परत यायचा.

मिस प्रिडोंनी टॉर्च वर धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, काळं दिसतंय, नीट काही कळत नाही. वर झाकण होतं ना? जेबेझ म्हणाला, आहे, घुमटाच्या मधोमध भोक आहे, त्यावर लोखंडी झाकण, बाहेरून साखळी. तो बाहेर गेला, साखळीला तेल घातलं, लोंबकळून ती ओढली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा वर कुठे तरी गंज किरकिरला आणि साखळी हातभर खाली आली. आतून मिस प्रिडोंचा आवाज आला, शब्द नाही, नुसता आवाज.

तो परत आत आला तेव्हा फरशीवर उजेडाचा एक गोल तुकडा पडला होता, आणि मिस प्रिडो मान मागे टाकून उभ्या होत्या. तोंड किंचित उघडं. जेबेझला विमानं आठवली. लोकांची तोंडं बघून वरचं ओळखायची त्याची सवय होती, पण हे तोंड त्याला ओळखता येईना. भीती नव्हती. आनंदही नव्हता.

"मिस्टर ब्लूर," त्या वर बघतच म्हणाल्या, "मला तडा दिसत नाही. पण मी इंजिनिअर नाही, आणि मी इथे पंधरा मिनिटं आहे. तुम्ही चौतीस वर्षं होतात. कागदावर तुमची सही आहे. तुम्ही दाखवाल तेच मी लिहीन. कुठे आहे तडा?"

आणि त्यांनी टॉर्च त्याच्या हातात दिला.

जेबेझने टॉर्च घेतला. त्याला फक्त हात वर करायचा होता. कुठेही बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं, त्या बाईने लिहून घेतलं असतं, आणि पानगळीच्या आत मर्टल नव्या न्हाणीघरात गरम पाणी सोडत असती. पण तो हात वर करेना. जिकडे बोट दाखवायचं तिकडे एकदा तरी बघायला हवं, एवढी साधी गोष्ट त्याच्या मनात आली आणि अडकून बसली. त्याने मान मागे न्यायचा प्रयत्न केला. ती तशीच. भिंतीला टेकून बघितलं. समोरची भिंतच दिसली, जरा वरपर्यंत.

मग तो गुडघ्यांवर बसला. मिस प्रिडोंना वाटलं घेरी आली, त्या धावल्या. त्याने हातानेच थांबवलं. एक हात टेकवला, दुसरा टेकवला, कुशीवर झाला, आणि हळूहळू, ज्या फरशीवर त्याने चौतीस वर्षं पाय घासले होते, तिच्यावर पाठ टेकून उताणा झाला.

पहिल्या क्षणी त्याला वाटलं, वर पाणी आहे.

मग नजर बसली. पाणी नव्हतं, विटा होत्या. पण विटा अशा त्याने जन्मात पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक खेपेला, ऐंशी वर्षं, भांड्यांची झिलई थोडी थोडी वाफ होऊन वर गेली होती, आणि तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून ती त्या विटांवर बसली होती. अख्खा घुमट काचेचा झाला होता. गुळाच्या पाकाचा रंग, मध्येच बाटलीचा हिरवा, कुठे शेवाळी, कुठे जळक्या साखरेसारखा काळा, आणि सगळा चमकणारा. कुठे कुठे झिलईचे थेंब लोंबत होते, पडता पडता थांबलेले. आणि विटांची ती वर्तुळं. भिंतीवर मोठं वर्तुळ, त्याच्या आत लहान, त्याच्या आत आणखी लहान, प्रत्येक वर्तुळ आत झुकलेलं आणि कुठेच पडत नसलेलं. ना तुळई, ना खांब. वीट विटेला धरून उभी होती, एवढंच. आणि सगळ्यांत वर ते भोक, त्याच्यावर बाटलीचा उंच गळा, आणि गळ्याच्या टोकाला, वीतभर निळं आभाळ. त्यातून एक ढग गेला. जेबेझने कित्येक वर्षांत ढग पाहिला नव्हता. गल्लीच्या टोकाला, छपरांच्या वर, ढगांची खालची कड दिसायची ती वेगळी. हा ढग त्याच्या बरोबर डोक्यावर होता.

हे माझ्या डोक्यावर होतं, त्याला वाटलं. रोज. मी याच्या खाली वाकून चाललो, घाम पुसला, शिव्या दिल्या, पाव खाल्ला, आणि हे वर होतं. त्याच्या कानांत पाणी गेलं तेव्हा त्याला कळलं की आपण रडतोय. उताण्या माणसाचे अश्रू कानात जातात हेही त्याला नवीनच होतं.

 मिस प्रिडो खाली बसल्या होत्या, पिशवीला टेकून, अनोळखी माणसाने बसावं त्यापेक्षा जरा जवळ.

जेबेझने टॉर्च फिरवला. डावीकडून सुरुवात केली, एकेक वर्तुळ, सॅगर रचायचा तसा, खालून वर. त्याला विटा कळत होत्या. चौतीस वर्षं त्याने आगीचं काम केलं होतं; तडा कसा दिसतो, झिलईची रेघ कशी दिसते, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. तो घुमट संपूर्ण फिरला आणि परत पहिल्या विटेवर आला.

"तडा नाही," तो म्हणाला.

"दुरुस्त केला असेल?"

"नाही. झिलई सलग आहे. वीट बदलली असती तर नवी वीट कोरडी दिसली असती." त्याने टॉर्च छातीवर ठेवला. "बाई, कागदावर लिहिलंय ते मी पाहिलं नव्हतं. काहीच पाहिलं नव्हतं. मी आज पहिल्यांदा वर बघतोय."

मिस प्रिडोंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी त्याला उठवायला हात दिला, आणि उठवणं हे बरंच लांबलं, कारण पासष्ट वर्षांचा भट्टीवाला एकदा आडवा झाला की तोही सॅगरइतकाच जड असतो. दाराशी जाताना त्या म्हणाल्या की एक कागद मागे घेतल्याबद्दल मालक रागावतील. जेबेझ म्हणाला, मालकांचं काही नाही. आणि समोरच्या घराकडे बघितलं. मिस प्रिडोंना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक.

घरी त्याने काही सांगितलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मर्टलने पडद्याचं कापड बाहेर काढलं, मेजावर पसरलं, आणि पुन्हा घडी करून कपाटात ठेवलं. जेबेझने बघून न बघितल्यासारखं केलं. शुक्रवारी आणि शनिवारीही रस्सा खारट झाला होता, तोही त्याने निमूट संपवला. माणूस एरवी शूर असतो हो. सबंध टनिक्लिफ खानदानासमोर उभा राहील. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याला तोंड फुटत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशेवर राहायला नको. भट्टी यादीत गेली. बैठी घरं झाली नाहीत, निदान तिथे नाही. ब्लूरांच्या घरात न्हाणीघर आलं ते पाच वर्षांनी, नगरपालिकेने मागच्या बाजूला बांधून दिलं, आणि तोवर पत्र्याचा टब खिळ्यावरच राहिला आणि मर्टल जिना बसूनच उतरली. खऱ्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्यांनी मोजली, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नव्हतं.

रविवारी, चर्च आटपल्यावर, त्याने मंगळवारपासून आपल्याकडेच राहिलेली भट्टीची किल्ली घेतली आणि मर्टलला म्हणाला, जरा चल. ती कुठे म्हणून विचारेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त कोट घातला.

गल्ली ओलांडायला त्यांना वेळ लागला. भट्टीच्या बुटक्या दारातून आत जाताना तिने त्याचा खांदा धरला. आयुष्यभर समोर राहून ती त्या बाईच्या पोटात कधी आली नव्हती. भट्टीत बायका येत नसत. जेबेझने फरशीवर गोणपाट अंथरलं होतं, आणि त्याच्या टोकाला एक मळकं वेटोळं ठेवलं होतं. मर्टलने ते उचललं, बोटांनी चाचपलं.

"हे माझे मोजे," ती म्हणाली.

"उशाला घे. आडवी हो."

"वेड लागलंय का तुला? रविवारच्या कपड्यांत?"

"हो."

ती आडवी कशी झाली याचं वर्णन करत नाही. दोघांच्या मिळून चार गुडघ्यांतला एकही धड नव्हता. पण झाली, आणि तिच्या शेजारी तोही झाला, आणि चुंबळीवर तिचं डोकं नीट टेकलं की नाही ते त्याने हाताने बघितलं. मग तो बोलला. घुमटाकडे बघत बोलला, त्यामुळे सोपं गेलं. सही खोटी होती, ती मागे घेतली, घर गेलं. एवढी तीनच वाक्यं झाली. पाच दिवस त्याला ती जमत नव्हती.

 बाहेर रस्त्यावरून कुणी तरी शीळ घालत गेलं.

"मला बुधवारीच कळलं," शेवटी ती म्हणाली. "ओटकेकच्या रांगेत. अख्ख्या लाँगटनला कळलं होतं, जेबेझ. मी फक्त बघत होते, तू किती दिवस खारट रस्सा खातोस."

"रागावलीस?"

"म्हणजे काय? रागावले आहेच. पडद्याचं कापड आणलंय मी." तिचा आवाज जरा कापला आणि तिने तो सरळ केला. "त्यावर उद्या बोलू. उद्या सोमवार आहे, धुताना मला कुणावर तरी ओरडायला लागतंच."

मग तिने वर बघितलं. जेबेझने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. चाळीस वर्षांत त्याने ते तोंड सगळ्या तऱ्हेचं पाहिलं होतं. आत्ता ते मिस प्रिडोंच्या तोंडासारखं दिसत होतं, आणि वर काय आहे हे माहीत असल्यामुळे या वेळी त्याला ते ओळखता आलं. तिची नजर घुमटावरून सावकाश चढत होती, हिरव्यावरून तपकिरीवर, वर्तुळामागून वर्तुळ, पार वरच्या भोकापर्यंत. गळ्यातून उतरणारा उजेड त्या भोकाच्या काठावर पडला होता आणि काठाची झिलई पेटली होती, बारीक, गोल, सोनेरी.

मर्टलचा उजवा हात गोणपाटावरून उचलला गेला. अंगठा आणि दोन बोटं जुळली, कुंचला धरल्यासारखी, आणि तिने हवेत, श्वास रोखून, एक पूर्ण फेरा घेतला.

"इथे हललाय हात," ती पुटपुटली. "डावीकडे. बघ." आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "पण बाकी जमलंय."

फरशीचा गारवा पाठीत शिरायला लागला होता. जेबेझ म्हणाला, चल, उठू या आता, तुझे गुडघे धरतील, आणि तसंही आपल्याला उठवायला कुणाला तरी हाक मारावी लागणार आहे.

"थांब," मर्टल म्हणाली. तिने डोळे वरून काढले नाहीत. "तू इथे चौतीस वर्षं होतास. मी आत्ता आलेय."